चौथी पाळी

पडक्या गिरणीचे छायाचित्र काढायचे तर गिरणी आधी बंद पडावी लागते. मुंबईत ही सोय १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने मोठ्या प्रमाणावर झाली. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. बऱ्याच गिरण्यांत कामगार परतले नाहीत आणि त्यांच्या जागी पिंपळ रुजू झाला. तीन पाळ्यांनंतरची ही चौथी पाळी. हिला भोंगा नाही, सुट्टीही नाही.

पिंपळाच्या भरतीला जाहिरात लागत नाही. साळुंक्या आणि बुलबुल फळे खाऊन धुराड्यावर बसतात व नेमणूकपत्र तिथेच टाकून उडून जातात. दगडांच्या सांध्यांतला जुना चुना ओल धरून ठेवतो. त्यात बी रुजते, मुळे खाली उतरतात, जाड होतात आणि भिंत फोडतात. गिरणी चालू असतानाही पाखरे हीच होती आणि पिंपळही उगवत होता. पण तो उपटणारा माणूस पगारावर होता. पगार थांबला, पिंपळ वाढला. आता मुंजाच्या भीतीने त्यावर कोयता चालवायला कोणी धजत नाही.

गिरणीच्या दातेरी छपराच्या काचा उत्तरेकडे तोंड करून असतात. ऊन थेट आत येऊ नये आणि तुटलेला धागा दिवसभर सारख्या उजेडात दिसावा, हा त्यामागचा हेतू. साचेवाल्यासाठी केलेली ही व्यवस्था छायाचित्रकाराला फुकट मिळते. साचे भंगारात गेलेले असतात. फुटक्या काचांतून आलेल्या पावसावर तिथे शेवाळ, नेचे आणि घाणेरी माजते. भाद्रपद-आश्विनात हिरवाई भरात असते, डासही.

आत जायला पहारेकऱ्याची परवानगी लागते. पडक्या भिंतींचे फोटो हे कारण त्याला संशयास्पद वाटते. लग्नाआधीचे फोटो म्हटले की लगेच पटते.

चौकट धरताना नियम एकच: माणूस दिसता कामा नये. जर्मनीतील बर्न्ड आणि हिला बेखर या जोडप्यानेही १९५९ पासून पाण्याच्या टाक्या आणि झोतभट्ट्या ढगाळ आभाळाखाली निर्मनुष्य टिपल्या, पण त्यांनी निदान झाडाला श्रेय दिले नाही. इथे पहारेकऱ्याची वाळत घातलेली लुंगी चौकटीबाहेर जाते, त्याने लावलेला दुधीचा वेलही जातो. तोही भिंतीवरच चढलेला असतो. परंतु ज्याची भाजी होते त्याला निसर्ग म्हणण्याची पद्धत नाही. उरलेल्या पिंपळाखाली ‘निसर्गाचा विजय’ अशी ओळ लिहिली जाते. खरे तर ते एका रिकाम्या पदाचे छायाचित्र असते.

शेवटी जमिनीला भाव येतो. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात मॉल उभा राहिला, धुराडे तेवढे राखले गेले. अशा जागी झाडे कुंड्यांत असतात आणि त्यांना पाणी घालणारा माणूस पुन्हा पगारावर असतो. भिंतीत पिंपळ उगवलाच, तर तो पहिल्या दोन पानांवरच उपटतो.