अडीनडीला असावा

नानांचा एक या आकड्यावर विश्वास नाही. नदीवर पाण्याची मोटर एकच असली तर ती ऐन चैत्रात जळणार, हे त्यांनी गृहीतच धरलेलं. म्हणून दुसरी मोटर रिवाइंडिंग करून, पोत्यात गुंडाळून कोठीत ठेवलेली असते. स्टार्टर दोन, बॅटऱ्या दोन, चष्मे दोन. दुसरा चष्मा पहिला शोधायला लागतो. पंढरपूरला जाताना ते पिशवीत चपलांचा जादा जोड घेतात आणि देवळाबाहेर दोन्ही जोड वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवतात; चोराला एकाच फेरीत सगळं मिळायला नको. कृष्णाकाठच्या आमच्या गावात चार पैसे आले की लोक घरावर मजला चढवतात. नाना जोड लावतात.

त्यामुळं दारात पंचावन्न हॉर्सपॉवरचा नवाकोरा ट्रॅक्टर उभा राहिला, नानींनी चाकाखाली लिंबू ठेवलं, पेढ्यांचा पुडा फुटला, तेव्हा नानांनी तोंडात पेढा असतानाच जाहीर केलं, "आता ह्येच्या जोडीला एक जुना बघाय पायजे. अडीनडीला."

थोरला मुलगा हप्त्यांच्या कागदांवर सह्या करून नुकताच आला होता. तो पेढा न घेताच आत गेला.

नानांना कारण मिळायला फार दिवस लागले नाहीत. २०२३ च्या जानेवारीपासून पन्नास हॉर्सपॉवरच्या वरच्या ट्रॅक्टरांना धुराचे नियम कडक झाले. बॉनेटखाली जुन्या पंपाच्या जागी कॉमन रेल आली, सेन्सर आले आणि त्या सगळ्यांवर नजर ठेवणारा एक काळा डबा आला. उसाच्या लागणीसाठी रान तयार करायच्या दिवसांत नानांच्या डब्याला काहीतरी खटकलं. डॅशवर पिवळा दिवा लागला आणि ट्रॅक्टर रानात बसला. दुपारी शोरूमचा पोरगा लॅपटॉप घेऊन आला. त्यानं स्टिअरिंगच्या बाजूला एक वायर जोडली, बांधावर मांडी घालून बटणं दाबली, बोटाएवढा सेन्सर बदलला आणि गेला. नाना सगळा वेळ त्याच्या हातांकडं बघत होते. "हाताला ऑइल लागलं न्हाई," संध्याकाळी पारावर त्यांनी विचारलं, "मग त्यानं दुरुस्त काय केलं?"

जोडीच्या ट्रॅक्टरची पहिली अट तिथंच ठरली: लॅपटॉपची वायर घालायला त्याला कुठंही जागा नसावी.

पुढचा महिनाभर पारावर दुसरा विषय निघाला नाही. एकजण महिंद्रा बी-२७५ च्या बाजूचा: पार्ट कुठंही मिळतात, आंधळा मिस्त्रीसुद्धा खोलून जोडतो. दुसऱ्याचं म्हणणं, मॅसी १०३५ घ्या, डिझेल कमी पितो. तिसऱ्याला फोर्ड ३६०० शिवाय ट्रॅक्टरच मान्य नाही. नानांचं मन एचएमटी ३५११ वर बसलेलं होतं आणि त्याचं कारण त्यांच्या मनगटावर होतं. वडिलांचं एचएमटीचं चावीचं घड्याळ अजून वेळ दाखवतं. त्याच कंपनीनं १९७१ पासून हरियाणातल्या पिंजोरला, चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरची मदत घेऊन ट्रॅक्टर काढले. रोज चावी दिली की घड्याळ चालतं, मग ट्रॅक्टर का चालू नये, हा नानांचा सवाल.

मुलानं शेवटचा अडसर घातला. "अहो, एचएमटीचा ट्रॅक्टरचा कारखाना बंद करायचं सरकारनं २०१६ सालीच ठरवलं. घड्याळाचापण त्याच साली. पार्ट कुठनं आणायचं?"

"कारखाना बंद पडला, तरी गाड्या चालू हायत," नाना म्हणाले. "उलटं असतं तर काळजी व्हती."

मग शोध सुरू झाला. जुना ट्रॅक्टर विकणाऱ्यांची एक ठरलेली भाषा असते. गाडी कायम 'घरची' असते. ती 'एका हाताची' असते. तिनं ऊस लांबून पाहिलेला असतो, ओढलेला नसतो. आणि मालक बहुतेक वेळा शाळामास्तर निघतो. आमच्या तालुक्यात विक्रीला आलेले मास्तरांचे ट्रॅक्टर मोजले, तर शाळा कमी पडतील.

नाना या भाषेला भुलत नाहीत. न कळवता सकाळी सातच्या आत ते दारात हजर होतात आणि नमस्कार करायच्या आधी बॉनेटवर हात ठेवतात. बॉनेट गरम लागलं, तर मालकानं पहाटेच धक्का देऊन गाडी चालू करून ठेवली आहे. जुन्या डिझेल इंजिनाचं दुखणं ते गार असतानाच कळतं. एकदा तापलं की ते शहाण्यागत वागतं. बॉनेट गार असलं तरच पुढची तपासणी. इंजिन चालू करून ऑइल भरायचं झाकण काढायचं आणि भोकावर तळहात धरायचा. हाताला धुराचे झोत लागले तर रिंगा गेल्या. गेजकाडीवर ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलं. रेडिएटरमध्ये वर तवंग असला तर पाण्यात ऑइल शिरलं. लिफ्टवर नांगर उचलून इंजिन बंद करायचं आणि निवांत तंबाखू मळायची. मळून होईतो नांगर जमिनीला टेकला, की हायड्रॉलिक गेलं. वरच्या गिअरमध्ये ब्रेक दाबून क्लच सोडायचा. इंजिन मेलं तर प्लेट चांगली, फिरत राहिलं तर प्लेट मेली.

ताजा रंग दिसला की नाना जास्तच वाकतात. एका ठिकाणी ग्रीसच्या निपलांवरसुद्धा लाल रंग चढलेला होता. "रंग दिल्यापास्नं ग्रीसगन लागली न्हाई, आन् त्येच्या आदीबी लागली नसंल," नाना म्हणाले आणि चहा पिऊन उठले. दुसऱ्या ठिकाणी मास्तरांच्या ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायच्या हुकाचं भोक झिजून लांबट झालेलं होतं. इतकं भोक झिजायला दोन ट्रॉल्या भरून ऊस कारखान्यावर बरीच वर्षं ओढावा लागतो. नानांनी भोकात करंगळी फिरवून विचारलं, "मास्तर, शाळा किती टनाची हाय?"

बरोबर मिस्त्री असतो. तो कुठल्याही ट्रॅक्टरला चांगला किंवा वाईट म्हणत नाही. 'हाफ इंजिन' म्हणतो किंवा 'फुल इंजिन' म्हणतो, म्हणजे इंजिनाचं काम अर्धं निघालं की पूर्ण, आणि नाना ते आकड्यात धरून किंमत पाडतात.

शेवटी तासगावच्या बाजूला, चिंचेखाली एचएमटी सापडला. बॉनेट गार होतं, रंग उडालेला होता, तासांचं मीटर कधीच बंद पडलेलं होतं, आणि मिस्त्री म्हणाला, "हाफ इंजिन." अडचण फक्त कागदांची होती. आरसीवर वारलेल्या वडिलांचं नाव, वारस तीन भाऊ, त्यांतला एक भिवंडीला आणि दोघांचं बांधावरून बोलणं बंद. कर्ज फिटून जमाना झाला होता, पण आरसीवरचा बोजा कुणी उतरवला नव्हता. पंधरा वर्षांचं पासिंग संपल्यावर ते दर पाच वर्षांनी करायचं असतं, तेही राहिलेलं. दुसऱ्या कुणी नमस्कार केला असता. नानांनी वारसांचा ३१ नंबरचा फॉर्म, बोजा उतरवायचा ३५ नंबरचा फॉर्म आणि न बोलणारे दोन भाऊ हे सगळं एकाच दिवशी आरटीओच्या दारात आणून उभं केलं. भाऊ निघताना एकमेकांशी बोलले. नाना म्हणतात, गाडीचा पायगुण.

आणल्यावर हाफ इंजिनचं फुल इंजिन झालं, कारण "खोललंच हाय तर". मागचे टायर नवे आले, किंगपिन नव्या आल्या. पत्र्याच्या शेडमध्ये एचएमटी उभा राहिला आणि हप्त्याचा नवा ट्रॅक्टर ताडपत्री पांघरून बाहेर. वापराविना उभी गाडी बिघडते: बॅटरी उतरते, उंदीर वायरी खातात, पंप एअर घेतो. म्हणून दर रविवारी नाना एअर काढतात, सेल्फ मारतात, गावाला एक चक्कर टाकतात. मुलानं एका रात्री हिशेब मांडून दाखवला: एवढ्या पैशांत दुसऱ्याचा ट्रॅक्टर भाड्यानं दहा वर्षं वापरता आला असता.

"भाड्याचा येतो कवा?" नानांनी विचारलं.

हिशेब मुलाचा बरोबर होता आणि प्रश्न नानांचा. काळ्या रानात पाऊस उघडल्यावर वाफसा येतो तो दोन-तीन दिवसांचा. आधी शिरावं तर चिखलात चाकं रुततात, उशीर करावा तर ढेकळं फुटत नाहीत. त्या दोन-तीन दिवसांत गावातला प्रत्येक ट्रॅक्टर स्वतःच्या रानात असतो आणि भाड्याच्या ट्रॅक्टरवाल्याचा फोन लागत नाही.

यंदा मृगात नेमका तसाच वाफसा आला आणि नव्या ट्रॅक्टरचा पिवळा दिवा लागला. नाना शोकाकुल दिसायचा प्रयत्न करत शेडकडं धावले. अर्ध्या सेल्फमध्ये एचएमटी सुरू झाला. रोटर जोडला, लिफ्ट ओढली, आणि पुढची चाकं जमिनीवरून वर आली. पंचावन्न हॉर्सपॉवरसाठी घेतलेला सात फुटी रोटर पस्तीस हॉर्सपॉवरच्या गाडीला झेपणार कसा? नानांनी जुना नऊ फणांचा कल्टिव्हेटर गवतातून ओढून काढला आणि सुरुवात केली. नव्यानं दुपारपर्यंत उरकलं असतं ते काम रात्री दहाला संपलं. संध्याकाळी लॅपटॉपवाला येऊन नवा ट्रॅक्टर चालू करून गेला, तरी नाना खाली उतरले नाहीत. पेरणी मात्र वेळेवर झाली.

आठवड्यानं नानांनी जोडीला पाच फुटी जुना रोटर आणला. मुलगा काही बोलला नाही.

बोलला शेजारचा पाटील, जो नानांना वर्षभर हसला होता. मृगात त्याचाही नवा ट्रॅक्टर रानात दिवा लावून बसला होता, आणि त्याचं रान वाळून गेलं होतं. तो पारावर नानांच्या शेजारी सरकला. "नाना, एखादा जुना हाय का बघण्यात? अडीनडीला."

नानांनी डावा हात पुढं करून घड्याळाला चावी दिली. मग सांगितलं, "सकाळी सातच्या आत जायचं. आदी बॉनेटला हात लावायचा. गरम लागलं तर चहाला न्हाई म्हणायचं न्हाई, पर खिशात हात घालायचा न्हाई. आन् मास्तर म्हणाला, तर आदी शाळा बघून यायची."