एक पेटी, चार कोंबड्या

मराठी शाळेतल्या मुलाला मधमाशीवर निबंध लिहायला सांगा. तो 'मधमाशी हा उद्योगी कीटक आहे' इथून सुरू होतो आणि 'आपणही तिच्यासारखे कष्ट केले पाहिजेत' इथे संपतो. दापोली तालुक्यातल्या शाळांत नोकरी करताना मी असे इतके निबंध तपासले, की मधमाशीचा मलाच धाक बसला. कोंबडीवर निबंध लिहा, असं मात्र मी कधी सांगितलं नाही आणि कुठल्या बाईंनी सांगितल्याचं ऐकलंही नाही. गाय, घोडा, पोपट, फार तर मांजर. कोंबडी आपल्याकडे निबंधात येत नाही, थेट रश्श्यात येते.

निवृत्तीनंतर मी परसात दोन्ही आणली. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "तुला वर्गाशिवाय करमत नाही, दुसरं काय!" तर भरले वर्ग. एका वर्गात काही हजार विद्यार्थिनी, दुसऱ्यात चार. पहिल्या वर्गाला मी कधी ओरडले नाही, कारण तशी गरजच पडली नाही. दुसऱ्या वर्गाला रोज ओरडते आणि त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. या दोन्ही वर्गांच्या सहवासात माझं एक मत पक्कं झालं आहे: आदर्श मंडळींचा आदर लांबून करावा, रोजच्या सोबतीला मात्र आपल्यासारखे दोष असलेलेच बरे.

माश्यांचा अभ्यास मी रीतसर केला. पुण्याला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ साली स्थापन झालेली. तिथलं प्रशिक्षण घेतलं आणि वही भरून नोट्स आणल्या. आपल्याकडे कड्यावर आणि उंच झाडावर लोंबते ती आग्या माशी, झुडपात छोटंसं पोळं करते ती फुलोरी, आणि झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत, अंधारात एकाशेजारी एक पोळी बांधते ती सातेरी. यांतली सातेरी पेटीत राहायला तयार होते. आग्या माशीला उघड्यावर एकच भलंमोठं पोळं लागतं. पेटीचे फायदे तिला समजावून सांगायला अजून कोणी गेलेलं नाही.

सातेरीची पेटी आली. खाली तळपाट, त्यावर पिलाव्याची कोठी, वर मधाची कोठी आणि माथ्यावर झाकण. मुंग्या चढू नयेत म्हणून स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत. पहिले काही दिवस मी खुर्ची टाकून पेटीपुढे बसत असे. कामकरी माशी जन्मली की आधी घरं साफ करते, मग पिलांना भरवते, मग मेण काढून पोळं बांधते, मग दारावर पहारा करते आणि शेवटी फुलांवर जाते. वयाप्रमाणे काम बदलत जातं. इतक्या बदल्या होतात, पण रद्द करून घ्यायला एकही अर्ज नाही! हंगामात सहा-एक आठवडे राबून ती मरते, तीही बहुधा बाहेर कामावर असताना. हे बघताना कौतुक वाटतं आणि हळूहळू जीव गुदमरायला लागतो. समोर हजारोंनी कामं चाललेली असताना आपण चहा पीत बसणं जमत नाही. मी उठून धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागले, तेव्हा ह्यांनी खुर्ची उचलून पुढच्या दारी नेली.

शिवाय माशीला आपली गरज नसते. आपण पेटी उघडतो ती तिच्या दृष्टीने घरफोडी असते. धुराडं घेऊन, जाळीची टोपी घालून, हळू हातांनी चौकट उचलायची. त्यातही एक नियम असा, की त्याआधी केळं खायचं नाही. माशी डंख मारते तेव्हा धोक्याची सूचना देणारा एक गंध सुटतो आणि त्यातलं मुख्य द्रव्य पिकल्या केळ्याच्या वासाचं असतं. तो वास आला की बाकीच्या 'कुठे, कुठे' करत धावून येतात. आमचे भाऊजी पुण्याहून आले ते सकाळी दोन वेलची केळी खाऊनच परसात गेले. नियम मी सांगितला होता; "केळ्याचा आणि माशीचा काय संबंध?" असं विचारून त्यांनी तो हसण्यावारी नेला. संबंध त्यांच्या डाव्या कानावर उमटला. काटा नखाने खरवडून काढताना मी त्यांना या गंधाची माहिती देत होते, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ साली मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. तिथे घरोघरी पेट्या आहेत, तेव्हा कुणाची माशी कुणाला चावली हा हिशेब लागतच नसणार. आमच्या वाडीत पेटी एकच. त्यामुळे वाडीतला प्रत्येक डंख माझ्या खात्यावर जमा होतो, मग तो गांधीलमाशीचा असो, मुंगळ्याचा असो की खाजकुइलीचा. त्यातून माश्या अतिशय स्वच्छ. पेटीत घाण करत नाहीत, बाहेर उडत उडत करतात. शेजारच्या काकू एकदा पांढरंशुभ्र धोतर घेऊन आल्या. त्यावर मोहरीएवढे पिवळे ठिपके, ओळीने. "बाई, हे काय?" मी म्हटलं, "फुलांचे परागकण असतील." तांत्रिकदृष्ट्या ते खरंच होतं. खाल्लेल्या परागांचंच पुढे ते होतं.

मध निघाला की पाहुण्यांच्या परीक्षा सुरू होतात. मराठी माणसाला शुद्ध मध ओळखण्याची एक तरी खूण ठाऊक असतेच. कोणी ग्लासभर पाण्यात थेंब सोडतो, कोणी काडेपेटीची काडी बुडवून ओढतो, कोणी कुत्र्यापुढे धरतो. आमच्या कुत्र्याने चाटला आणि मध नापास झाला. कोणत्याही मधात निसर्गतः ग्लुकोज असतं, त्याचं प्रमाण जास्त असेल तर मध लवकर कणीदार होतो, हे मी फळ्यावर लिहून दाखवलं तरी "साखर धरली म्हणजे साखर घातली" हा निकाल बदलत नाही. त्यात पावसाळ्यात फुलं नसतात म्हणून माश्यांना साखरेचा पाक द्यावा लागतो. मधाची कोठी आधीच काढून ठेवलेली असते, पाक फक्त त्यांच्या पोटासाठी असतो. तो देताना ज्याने मला पाहिलं, त्याने वाडीभर सांगितलं, "बाई स्वतः साखर घालतात. डोळ्यांनी बघितलं."

आता कोंबड्या. चार गावठी: मोठी काळी, तांबडी, कवडी आणि लंगडी. खुराड्यातून सोडल्या की चौघी माझ्यामागून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येतात आणि आत काय चाललंय ते मान वाकडी करून एका डोळ्याने बघतात. तांदूळ निवडायला घेतले की पायाशी हजर. माझ्याशी बोलतात, भांडतात, रुसतात. चौघींत मान ठरलेला आहे. काळीने चोच मारली तर तांबडी गप्प बसते आणि जाऊन कवडीला मारते. कवडी लंगडीला मारते. लंगडी मग कुंडीतल्या तुळशीला मारते. कोंबड्यांमधली ही उतरंड श्येल्डेरुप-एब्बे नावाच्या नॉर्वेजियन माणसाने १९२० नंतरच्या एक-दोन वर्षांत शास्त्रीय निबंधात मांडली. आमच्याकडच्या कुठल्याही थोरल्या जावेने ती त्याच्या कितीतरी आधी सांगितली असती.

अंड्याचं म्हणाल तर एक अंडं तयार व्हायला चोवीस तासांहून थोडा जास्तच वेळ लागतो. म्हणून कोंबडी आज आठला, उद्या नऊला असं करत करत दुपारपर्यंत सरकते आणि मग एक दिवस सरळ दांडी मारते. दिलेल्या अंड्याचा मात्र गाजावाजा असा, की वाडीच्या दुसऱ्या टोकाला कळावं. माशी थेंब थेंब गोळा करून मध साठवते आणि चकार शब्द काढत नाही. कोंबडी एका अंड्यावर सत्कार मागते. खरं सांगा, आपण यांतल्या कोणासारखे?

तांबडी खुडूक झाली तेव्हा तिने कांद्या-बटाट्यांची टोपली धरली. खाली बटाटे, वर ती, पिसं फुलवलेली, हात नेला की घुर्र करून चोच. लोक खुडूक मोडायला कोंबडीला पाण्यात बुडवतात. माझ्याने ते होईना. तिच्या चिकाटीपुढे हात टेकून मी वाडीतून, जिथे कोंबडा होता तिथून, अंडी आणली आणि बटाट्यांच्या जागी ठेवली. तिने फरक दाखवला नाही. एकविसाव्या दिवशी पिलं बाहेर पडली. त्यातलं एक मोठं होऊन कोंबडा निघालं आणि घरात पहिल्यांदाच ह्यांच्याशी कोणी बरोबरीने वाद घालू लागलं.

पहाटे चारला हा आरवतो. 'कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही' ही म्हण ह्यांनी प्रत्यक्षात आणून पाहिली. डालग्याखाली झाकलं, वर घोंगडी टाकली. उजाडायचं राहिलं नाहीच, आरवायचंही राहिलं नाही. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी कोंबड्यांना सतत मंद उजेडात ठेवलं, तरी ते पहाटेच्या सुमारास आरवत राहिले. घड्याळ त्यांच्या आतच असतं, असं त्यांनी २०१३ साली छापलं. मी ह्यांना हे वाचून दाखवलं. ह्यांनी विचारलं, "ते बंद कसं करायचं, हे छापलंय का?"

दोन्ही वर्गांची गाठ एकदाच पडते, पावसाच्या तोंडावर. फुलं संपत आली की पेटीतल्या कामकरी माश्या नरांना बाहेर काढतात. नर माशी न फळलेल्या अंड्यातून जन्मते, म्हणजे तिला बाप नसतो, आजोबा मात्र असतो. नराला डंख नाही, मध गोळा करायची सोय नाही. राणीशी मिलन झालं तर तिथेच मरतो, नाही झालं तर बसून खातो. टंचाई आली की त्याच्या बहिणीच त्याला पंखाला धरून फळीवर ओढत आणतात आणि खाली ढकलतात. मी जवळून पाहिलं आहे: गोल डोळ्यांचा, जाडसर, काळा प्राणी फळीला पाय रोवून धरतो, दोघी मिळून त्याला लोटतात, तो खाली मातीत पडतो. मातीत लंगडी उभी असते. तिला वेळ कशी कळते कोण जाणे, पण त्या दिवसांत ती सकाळपासून पेटीखालीच. टप्प, गिळला. मान वाकडी करून पुन्हा वर बघते. वर कर्तव्यकठोर समाज, खाली पोटभर नाश्ता. हे पाहून उद्योगीपणाबद्दलचे माझे विचार कायमचे बदलले. ज्या घरात काम न करणाऱ्याला पावसाळ्याआधी बाहेर काढतात, त्या घरात आमच्या ह्यांचं काय झालं असतं, या विचाराने मी त्या दिवशी त्यांना दोनदा चहा दिला.

आणि एवढं करून सातेरी राहीलच असं नाही. मेणकिडा लागला, फुलं आटली, फार छेडछाड झाली की सगळी वसाहत उठून निघून जाते. आमचीही गेली. पाठीमागे नुसती पोळी, निरोप नाही. कोंबड्यांचं दार मी कधी कधी उघडं विसरते, तरी संध्याकाळी चौघी आपापल्या पायांनी खुराड्यात येऊन बसतात. पेटीत दुसरी वसाहत आणली, तीही शिस्तीची आहे. माझा तिच्यावर जीव आहे, फक्त मी तिच्याकडून अपेक्षा ठेवत नाही.

तेव्हा कोणाच्या मनात हा छंद करायचा असेल तर दोन शब्द सांगते. माश्यांसाठी आधी प्रशिक्षण घ्या आणि उथळ ताटलीत खडे टाकून पाणी ठेवा, नाहीतर त्या शेजाऱ्यांच्या नळावर जातील. निघालेला मध सगळ्यांना वाटा, फक्त वर्षाच्या आतल्या बाळाला कोणी कितीही आग्रह केला तरी चाटवू नका. पण सुरुवात कोंबड्यांनी करा. चार पुरेत. कोंबडा आणू नका. अंडी द्यायला कोंबडीला तो लागत नाही, आणि शेजाऱ्यांना तर मुळीच लागत नाही.