कॉलेजात न जाण्याची पूर्वतयारी

अकरावीला कोणते कॉलेज घ्यावे, याचा सुजाण पालकांचा निकष आता एकच उरला आहे: तिथे जावे लागते का? ग्रंथालय, प्रयोगशाळा, मैदान यांची चौकशी करणारे पालक अजून आढळतात, पण त्यांचे बहुधा पहिलेच अपत्य असते. अनुभवी आईबाबा थेट क्लासच्या काउंटरवर जातात आणि ‘तुमचं टायअप कुणाशी?’ एवढेच विचारतात. तिथल्या मॅडम चिठ्ठीवर कॉलेजचे नाव लिहून देतात. चिरंजीवांचा पहिला पसंतीक्रम ठरला.

या प्रवासाची तयारी मात्र फार आधी, चित्रकलेच्या तासाला सुरू होते. इंटरमिजिएट परीक्षेत ‘अ’ श्रेणी मिळाली की दहावीच्या निकालात सात गुणांची भर पडते. त्यामुळे मूल वस्तुचित्रातला माठ रंगवत असते, तेव्हा आईला त्या माठात काठोकाठ भरलेले सात गुण दिसत असतात. शास्त्रीय नृत्य, लोककला, खेळ यांनाही वाढीव गुण आहेत. वर ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ असल्याने सहा विषयांतला सर्वांत दुबळा विषय आपोआप गळतो. 2025 साली दहावीला 211 विद्यार्थ्यांना पैकीच्या पैकी टक्के मिळाले, त्यातले 113 एकट्या लातूर विभागाचे. साहजिकच 96 टक्क्यांच्या घरी पेढे मागायला जावे की धीर द्यायला, हे शेजाऱ्यांना कळेनासे झाले आहे.

हे गुण कसे मोजायचे, यावर शासनाने भरपूर प्रयोग करून पाहिले. 2008 मध्ये पर्सेंटाइलचे सूत्र आले आणि मुंबई उच्च न्यायालयात पडले. 2009 मध्ये राज्य मंडळाच्या मुलांसाठी 90:10 कोटा आला, तोही पडला. 2010 मध्ये बेस्ट ऑफ फाइव्ह उच्च न्यायालयात नापास होऊन सर्वोच्च न्यायालयात पास झाले. फेरतपासणीचा एवढा फायदा दुसऱ्या कुणाला झाल्याचे ऐकिवात नाही.

2025 पासून सगळ्या राज्याची अकरावी एकाच संकेतस्थळावर आली. 21 मे रोजी ते सुरू झाले आणि त्याच दिवशी झोपले. मुहूर्त 26 मेवर गेला. तोवर बाबांनी दहा पसंतीक्रम तीनदा लिहून चारदा खोडले होते. गंमत म्हणजे उत्तीर्ण मुले साडेचौदा लाखांच्या आसपास आणि जागा वीस लाखांहून जास्त होत्या. पण रिकाम्या कॉलेजात न जाण्यात कसली प्रतिष्ठा? न जायचे तर नामांकित कॉलेजातच!

कॉलेजात का जायचे नाही, याचे गणित सोपे आहे. अभियांत्रिकीच्या पात्रतेला खुल्या गटात बारावीचे पीसीएमचे 45 टक्के पुरतात. पुढचा नंबर सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागतो. सीईटी 200 गुणांची, पर्यायी उत्तरांची, आणि उत्तर चुकले तरी गुण कापत नाहीत. म्हणजे वर्गात प्राध्यापक एखादे सूत्र सिद्ध करून दाखवतात तेवढ्या वेळात क्लासमध्ये त्यावरचे दहा प्रश्न सुटतात.

सरकारला हे ठाऊक नाही असे नाही. 2018 मध्ये विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश निघाला. यंत्राला अंगठा हवा होता. अंगठ्याच्या मागे विद्यार्थी किती वेळ थांबला, हे विचारायची त्याला मुभा नव्हती.

राहता राहिले प्रात्यक्षिकाचे गुण, भौतिक आणि रसायनला 30-30. त्यासाठी वर्षाअखेरीस सीनियरची जर्नल्स फिरतात आणि कधीही न पाहिलेल्या लोलकाचे आवर्तकाल तीन दशांश स्थळांपर्यंत अचूक उतरवले जातात.

मग निकाल लागतो. चिरंजीवांचा एकच फोटो क्लासच्या फ्लेक्सवर आणि कॉलेजच्या फ्लेक्सवर झळकतो. खाली अनुक्रमे ‘आमचा विद्यार्थी’ आणि ‘आमचाच विद्यार्थी’. प्राचार्य गुणवंतांचा सत्कार ठेवतात. चिरंजीव नवा शर्ट घालून, मॅप लावून वेळेवर पोहोचतात आणि फाटकातल्या शिपायाला सभागृह कुठे ते विचारतात. शिपाई त्यांना आपादमस्तक न्याहाळून म्हणतो, ‘नवीन ॲडमिशन का? खिडकी नंबर दोन. एलसीची झेरॉक्स आणलीय ना?’