शेवटचा व्यवहार १९८८

जावई : अकरा, बाबा! अकरा वेळा राष्ट्रीय विजेते. कॉलेज फुटबॉलमध्ये नोटर डेमएवढं नाव दुसऱ्या कुणाचं नाही.

सासरे : छान. शेवटचं कधी?

जावई : सात जणांना हाइझमन ट्रॉफी. न्यूट रॉक्नी नावाचा कोच होता, १०५ सामने जिंकला, हरला फक्त १२, आणि...

सासरे : जावईबापू, जन्म बँकेत गेला माझा. खातेदार जुन्या भरण्याच्या गोष्टी सांगायला लागला की आम्ही पासबुकाचं शेवटचं पान उघडायचो. शेवटचं कधी?

जावई : अठ्ठ्याऐंशी.

मुलगी : (स्वयंपाकघरातून) मी बालवाडीत होते तेव्हा.

सासरे : म्हणजे निष्क्रिय खातं. दोन वर्षं व्यवहार नाही की आम्ही शिक्का मारतो. दहा वर्षं झाली की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. तुमचं खातं अजून चालू दाखवतंय कोण?

जावई : एनबीसी दाखवतं! घरचे सामने दाखवायचा स्वतंत्र करार आहे, एकट्या नोटर डेमशी. बाकीचे बहुतेक संघ कॉन्फरन्स नावाच्या गटात बसतात, तिथून वाटा घेतात. करोनाचं एक वर्ष सोडलं तर आम्ही कुणाच्या दावणीला नाही.

सासरे : करार कधीपासून?

जावई : १९९१.

सासरे : जिंकणं थांबल्यावर तीन वर्षांनी. असलं कर्ज मंजूर केलं असतं तर आमचा मॅनेजर घरी बसला असता.

जावई : तुम्ही एकदा स्टेडियम बघा, मग बोला. समोर लायब्ररीच्या भिंतीवर येशूचं केवढं तरी मोठं चित्र आहे, दोन्ही हात वर. लोक त्याला टचडाउन जीझसच म्हणतात.

सासरे : त्यांनीही हात वर केले?

जावई : करा थट्टा. पॉल हॉर्नंगला १९५६ ला हाइझमन मिळाली. देशातला सर्वोत्तम खेळाडू!

सासरे : संघ जोरात असेल त्या वर्षी.

जावई : (पुटपुटत) दहापैकी दोन जिंकले.

सासरे : आठ हरले, आणि सर्वोत्तम खेळाडू त्यांच्यातला! हरून बक्षीस घ्यायला नावच लागतं हो. हे पटलं मला.

जावई : बरं, १९६६ घ्या. समोर मिशिगन स्टेट, दोघंही अपराजित. शतकातला सामना म्हणतात त्याला.

सासरे : जिंकलात?

जावई : १०-१०. शेवटी चेंडू आमच्याकडेच होता, पण कोच पार्सेगियननी धोका घेतला नाही, वेळ काढला. पुढच्याच आठवड्यात सदर्न कॅलिफोर्नियाला ५१-० ने धुतलं आणि पहिला नंबर आमचाच.

सासरे : नंबर दिला कुणी?

जावई : तेव्हा मतांवर ठरायचं. पत्रकारांच्या, कोचेसच्या.

सासरे : म्हणजे शिल्लक मोजायची नाही. खातेदाराचं घराणं बघायचं आणि आकडा लिहायचा.

जावई : अलीकडचं सांगू? २०१२ चा मोसम. बाराच्या बारा सामने जिंकून अंतिम सामन्यात गेलो.

सासरे : जमा?

जावई : अलाबामाने ४२-१४ ने मारलं.

सासरे : चेक परत.

मुलगी : आणि ते बारासुद्धा नंतर रद्द झाले ना रे? संघातल्या कुणा विद्यार्थी ट्रेनरने खेळाडूंचा अभ्यास करून दिला होता म्हणून. पुढच्या वर्षीचे धरून एकवीस विजय गेले.

जावई : तू कुणाच्या बाजूने आहेस?

सासरे : उलट नोंद! जमा झालेलंही काढून घेतलं. आमच्या शाखेत असं झालं की चहासुद्धा गार व्हायचा.

जावई : आणि २०२४ चा मोसम? जॉर्जियाला हरवलं, पेन स्टेटला हरवलं, अंतिम सामना खेळलो!

मुलगी : सप्टेंबरात नॉर्दर्न इलिनॉयकडून घरच्या मैदानावर हरले होते. हा त्या रात्री जेवला नाही.

जावई : अंतिम सामना ओहायो स्टेटशी ३४-२३ हरलो. त्यात लाज कसली?

सासरे : काहीच नाही. चांगला संघ आहे. दुसऱ्या कुठल्या कॉलेजचा असता तर मीच टाळ्या वाजवल्या असत्या. पण तुम्ही चांगला संघ म्हणून कुठे सांगताय? तुम्ही अलाबामाच्या पंगतीत पाट मागताय, तोही चांदीचा.

जावई : (आवाज चढवून) तुम्हाला नुसत्या ट्रॉफ्या दिसतात, बाबा. १९२४ साली इंडियानात कू क्लक्स क्लॅनचा वट होता. त्यांच्या पाठिंब्यावर गव्हर्नर निवडून आला. कॅथलिक म्हणजे उपरा, त्याला इथे जागा नाही, असं त्यांचं म्हणणं; आणि नोटर डेम तर कॅथलिक कॉलेज. मे महिन्यात क्लॅनवाले कॉलेजजवळच्या साउथ बेंडला जमायला लागले तेव्हा नोटर डेमच्या पोरांनी त्यांना रस्त्यात गाठलं, अंगावरचे झगे ओढले. आणि त्याच वर्षी पहिलं विजेतेपद! न्यूयॉर्कचे आयरिश, इटालियन, पोलिश मजूर, ज्यांनी कॉलेजचं फाटक पाहिलं नव्हतं, ते या संघाला आपला म्हणायला लागले. नाव त्यातून झालं. तुमच्या पासबुकात हे कुठे लिहिणार?

सासरे : हे आधी का नाही सांगितलंत? ही ठेव खरी आहे.

जावई : मग?

सासरे : पण भरली कुणी? त्या मजुरांनी. तुम्ही तिथे मॅनेजमेंट शिकलात, गादी घातलेल्या खुर्चीत बसून सामना बघता आणि त्यांच्या मुदलावर शंभर वर्षं व्याज खाता. वर एनबीसीचा ओव्हरड्राफ्ट!

जावई : आणि तुम्ही हो? पुण्याचे ना? महाराष्ट्राने रणजी शेवटची कधी जिंकली?

सासरे : त्याचा इथे काय संबंध?

जावई : १९४०-४१! बघून ठेवलंय मी. देवधर कप्तान. त्यापेक्षा अठ्ठ्याऐंशी बरं! आणि निंबाळकरांचे ४४३ आम्ही दर जेवणाला ऐकतो.

सासरे : नाबाद ४४३. काठियावाडने सामना सोडून दिला नसता तर ब्रॅडमनचे ४५२...

जावई : बघा! बघा!

सासरे : फरक आहे. आम्ही त्यावर दूरदर्शनशी करार केलेला नाही.

मुलगी : शनिवारी जाताय ना दोघं?

जावई : मी नाही नेणार यांना.

सासरे : असं कसं? मी येणार. तिकिटं कितीला पडली?

मुलगी : ते नका विचारू.

सासरे : विचारतो ना. कितीला?

जावई : बाबा, पार्किंगमध्ये सकाळपासून शेगड्या पेटतात. लोक गाडीच्या डिकीमागे टेबल मांडून बसतात. कणसं भाजतात, तुम्हाला आवडेल ते.

सासरे : कितीला?

जावई : आणि यंदाचा क्वार्टरबॅक तर...