पाचूबंदर ते गिरीज, व्हाया पारनाका

अठरा फुटी होडी समुद्रातून न्यायची तर वारा लागतो. वसईच्या रस्त्यावरून न्यायची तर चौदा फुटी टेम्पो, दोन दोरखंड, मागे लोंबणाऱ्या चार फुटांना बांधायला लाल फडकं आणि गेंड्याची कातडी लागते.

होडी हेरली कप्तानाने. कप्तान माझा मित्र. चर्चगेटला बँकेत आहे आणि बोट लागते म्हणून अलिबागला रस्त्याने जातो. पाचूबंदरच्या किनाऱ्यावर ती कित्येक वर्षं पडून होती. शाकारलेल्या झावळ्या कुजून आत पडलेल्या, साचलेल्या पाण्यात बेडकांचा सुखी संसार. मालक आता फायबरच्या होडीवर जातो. पैसे मोजून घेत म्हणाला, "दोन दिवसांत उचला. एक जूनला बंदी लागली की सगळ्यांच्या होड्या वर येतात, मला जागा पाहिजे." मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांना सामानसुमान घेऊन वसई सोडायला आठ दिवस दिले होते. ते तर लढाईही हरले होते.

रस्ता किल्ल्याच्या पोटातूनच जातो. अप्पांच्या स्मारकापाशी प्री-वेडिंगवाला फोटोग्राफर आडवा आला. नवरदेवाला पाच मिनिटं होडीत उभं करू द्या, म्हणाला. कप्तान जवळजवळ हो म्हणाला होता. टेम्पोवाल्याने गाडी दामटली.

पारनाक्यापलीकडच्या एका आळीत होडीची नाळ केबलच्या वायरीत अडकली. काहीतरी तुटल्याचा बारीक आवाज झाला आणि तीन ओट्यांवर एकदम बायका आल्या. "अहो, सासूने मारायला हात उचलला होता हो!" एक मावशी कळवळून म्हणाल्या. तो हात पडला की नाही, हे आम्हाला त्यांना कळवावं लागणार असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटत होतं. मग कोणाच्या तरी नातवाने आकडीची काठी आणली आणि बंगली नाक्यापर्यंत वायरी उचलत पुढे चालला.

एक मात्र मानलं पाहिजे. एवढ्या प्रवासात "होडी कशाला?" असं एकानेही विचारलं नाही. विचारलं ते, "माणशी किती घेणार?" मे महिना आहे, होडी गावाकडे चालली आहे, म्हणजे जुलैची तयारी, हे सर्वांनी गृहीत धरलं. मागे अडकलेल्या बसच्या कंडक्टरने तर नालासोपारा स्टेशनची फेरी धरणार का, अशी धंद्याची चौकशी केली. हसण्यासारखं काही नाही. भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली जिथला स्तूप उकरून काढला, ते सोपारा एकेकाळचं नावाजलेलं बंदर. खाडी गाळाने भरली आणि गलबतं यायची थांबली. पाणी अजून येतं. दरवर्षी, तळमजल्यापर्यंत.

गिरीजला कप्तानाच्या आईच्या केळीच्या वाडीत होडी उतरली. मिस्त्रीबाबा आले. आयुष्यभर होड्या बांधल्या, आता किचनच्या ट्रॉल्या बसवतात. त्यांनी फळीफळीवर हातोडीच्या दांड्याने ठोकून कान लावला. टण् वाजली की पुढे, भद् वाजली की खडूची फुली. "खारं पाणी लाकूड राखतं. गोड्याने खाल्लंय हिला," म्हणाले. पण वाकसाने एक फळी तासली तर आत बोटभर जाडीची भुयारं, भिंतींना पांढरा चुना लावलेला. आमच्या बिल्डरनेही इतकं नीट प्लास्टर केलेलं नाही. ही भुयारं पोखरणारा प्राणी किड्यासारखा दिसतो, पण जातीने शिंपला, तिसऱ्यांचा भाऊबंद. दुपारी जेवायला नेमक्या तिसऱ्याच होत्या. आम्ही दुप्पट खाल्ल्या.

फुलीच्या फळ्या बदलल्या आणि फटींत कापूस ठोकायचं काम आमच्याकडे आलं. दादरला विरार लोकलमध्ये शेवटचा माणूस आत जातो तशी कापसाची वळी गेली पाहिजे, आणि तिच्यामागून आणखी एक. वरून राळ नि तेल. संध्याकाळपर्यंत कप्तानाची मिशी होडीला चिकटायच्या बेतात आली होती.

"आता पाणी भरा," मिस्त्रीबाबा म्हणाले.

"होडीत?"

"मग कुठे? सुकून आकसलीय ती. फळ्या फुगल्या की आपोआप मिटेल."

विहिरीवरची मोटर लावली. जन्मभर होडीतलं पाणी उपसताना पाहिलेले शेजारी कुंपणाशी जमले. भरलेलं पाणी प्रत्येक फटीतून बारीक धारेने, कसलीही घाई न करता, केळीच्या आळ्यात उतरू लागलं.

चौथ्या दिवशी धारा अगदी मंदावल्या. कप्तान हर्षभराने टेम्पोवाल्याला फोन लावत होता, एवढ्यात आई कुदळ घेऊन बाहेर आल्या.

"पोरांनो, या ओळीला पाणी झालं. आता ती जरा पलीकडच्या ओळीवर सरकवा, आणि कापूस थोडा सैल करा."