एंडिंग चालू आहे

इंग्रजीत एंडिंग म्हणजे गोष्टीचा शेवट. सिनेमाला ते असतं, कादंबरीला असतं. व्याकरणात शब्दाच्या टोकाला चिकटणाऱ्या प्रत्ययालाही हेच नाव. हदगावात मात्र एंडिंग हा ऋतू आहे. शिवरात्रीनंतर त्याची चाहूल लागते आणि मार्चभर तो तापतो. पाळण्यातलं नाव मार्च एंडिंग, पण आता मार्च म्हणायचीही गरज उरलेली नाही. "साहेब कुठं हायत?" "एंडिंगमधी हायत." एवढ्यावर खेड्यातून आलेला माणूस समजून जातो आणि चहाच्या टपरीकडे वळतो.

शेवट होतो, एंडिंग चालू असतं. हा फरक इथल्या लोकांनी बरोबर हेरला. आपण मुळात संपलं म्हणायला कचरणारी माणसं. बांगडी फुटली तरी वाढली म्हणतो, निघताना येतो म्हणतो. अशा भाषेत शेवटाचा परका शब्द आला, तर त्यालाही आपण संपू देणार नाही हे ठरलेलंच.

पीककर्जाचं बघा. एंडिंगच्या आत ते भरायचं आणि लगेच पुन्हा उचलायचं, याला नवं-जुनं करणं म्हणतात. चार दिवसांसाठी कुणाकडून तरी हातउसने घ्यायचे (त्याचं व्याज बँकेपेक्षा कडक), खातं निल करायचं, मग सातबारा, होल्डिंग आणि नो-ड्यूजचा गठ्ठा घेऊन त्याच टेबलासमोर नव्यानं उभं राहायचं. कागदावर कर्ज फिटलं. माणूस होता तिथंच. तिकडे ग्रामपंचायतीत वर्षभर झोपलेला निधी परत जाईल या भीतीनं खडबडून उठतो आणि भर उन्हात रस्त्याला डांबर लागतं. मोंढाही हिशेबासाठी बंद. नेमकी याच दिवसांत शिवारात हळद शिजत असते. तिला कुणी आर्थिक वर्ष सांगितलेलं नाही.

सरकारचं हे एप्रिल ते मार्चचं वर्ष 1867 पासूनचं. विलायतेतल्या हिशेबाशी आपला हिशेब जुळावा म्हणून इंग्रजांनी ते आणलं. त्याआधी ते मे महिन्यात सुरू होत असे. हदगाव तेव्हा निजामाच्या राज्यात, तिथं फसली सन चाले. जुन्या कागदांवर 1358 फसली असा आकडा दिसला तर दचकू नका, ती 1948-49 सालची गोष्ट आहे. म्हणजे या भागाला मार्चचा शेवट उशिरानंच भेटला. त्याची कसर मात्र आपण व्याजासकट भरून काढली.

बरं, सगळ्यांचं वर्ष एकाच दिवशी सरतं असंही नाही. व्यापाऱ्याची वही दिवाळीला बदलते. सालगड्याचं साल पाडव्याला सरतं आणि त्याच दिवशी नवं ठरतं. उचल फिटली नसेल तर जुनंच पुढं चालू. माझ्या मते खरं एंडिंग हेच, कारण इथं समोरासमोर बसून बोलावं तरी लागतं. 2025 साली गंमत झाली. 30 मार्चला पाडवा, 31 ला ईद आणि त्याच दिवशी सरकारी वर्षाचा शेवट. सरकारी भरणा घेणाऱ्या बँका रिझर्व्ह बँकेनं ईदच्या सुट्टीतही उघड्या ठेवायला लावल्या. म्हणजे एकीकडे गुढी उतरवून ठेवलेली, दुसरीकडे शिरखुर्म्याचं आमंत्रण, आणि मधल्या मध्ये चलन भरायला निघालेला माणूस.

तेव्हा हदगावला बँकेत काम असेल तर फेब्रुवारीतच उरकून घ्या. नाहीच जमलं तर सरळ एप्रिलच्या दुसऱ्या हप्त्यात या. 1 तारखेला मात्र येऊ नका. शटर अर्धं वर दिसलं तरी त्या दिवशी वार्षिक हिशेबासाठी बँका गिऱ्हाइकांना बंद असतात.