वरचे मेजर, खालचे मेजर

हरसूलला फौजेतून पेन्शन घेऊन आलेला माणूस मेजर होतो. तो शिपाई होता, नायक होता की लंगरात पोळ्या लाटत होता, याच्याशी गावाला देणंघेणं नसतं. एसटीतून काळी ट्रंक उतरली की बढती झाली. खऱ्या मेजराला तिथवर पोचायला अकादमी, परीक्षा आणि डोक्यावरचे बरेच केस खर्ची घालावे लागतात. आमच्याकडे कंडक्टरच ट्रंकेला हात लावत म्हणतो, "सांभाळून हां, मेजर."

पंचाईत एवढीच की बाजारपेठेच्या एकाच रस्त्यावर दोन मेजर आहेत. म्हणून चढाला राहतात ते वरचे मेजर आणि उताराला राहतात ते खालचे मेजर. योगायोगाने हुद्देही तसेच. वरचे मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार होऊन आले, खालचे तोपखान्यातून हवालदार. आपापसात मात्र ते एकमेकांना चुकूनही मेजर म्हणत नाहीत. सुभेदार हवालदाराला 'गनर' म्हणतात. हवालदार त्यांना चारचौघांत 'साब' म्हणतात आणि चारचौघं पांगले की 'गणपत'. मराठा पलटणीच्या जवानाला अख्खी फौज लाडाने गणपत म्हणते, त्यामुळे शब्दावर हरकत घेता येत नाही. हवालदारांच्या सुरावर घेता येईल, पण सुराची तक्रार कुठल्या रजिस्टरात लिहायची?

सुभेदारांची ट्रंक एकदा बघण्यासारखी आहे. झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर, हुद्दा, नाव. नाव पहिल्या दिवसाचं, नंबर नायब सुभेदार झाल्यावर बदललेला. हुद्दा मात्र दर बढतीला काळा रंग मारून नव्याने लिहिलेला. उन्हात तिरकं पाहिलं की सुभेदाराच्या खाली नायब सुभेदार, त्याच्या खाली हवालदार, त्याच्या खाली नायक असे थर दिसतात. आत डिस्चार्ज बुक, पेन्शनचा पीपीओ, मिठाईच्या खोक्यात पदकं आणि चेरी ब्लॉसमची डबी. पॉलिश कधीच वाळून खडखडीत झालंय. तरी दर पंधरा ऑगस्टला ते डबीत दोन थेंब पाणी टाकतात, बूट चमकवतात आणि शाळेच्या मैदानावर पोरांना 'सावधान' असं ओरडून सांगतात की शेजारच्या झाडावरचे बगळेसुद्धा उडायचे थांबतात.

त्यांचं घड्याळ चोवीस तासांचं. सुभेदारीणबाईंना ते 'सोळाशेला चहा' सांगतात. बाई तीस वर्षं चहा झाल्यावरच देत आल्या आहेत. स्टँडवर तर रोजचा सामना.

"नाशिक गाडी किती वाजता?"

"येईल की, मेजर."

"येईल म्हणजे किती वाजता?"

"आली की."

भाताच्या आवणीला त्यांनी पहिल्या वर्षी बायकांना तीनतीनच्या ओळीत उभं केलं होतं. रोपं सरळ रेषेत, दोन रोपांत एक वीत अंतर, नजर सामने. वरून पाऊस धो धो. दहा मिनिटांनी सुभेदारीणबाईंनी रोपांची मूठ त्यांच्या हातात दिली आणि चिखलाकडे बोट दाखवलं. तेव्हापासून आवणीची कमान बाईंकडे आहे आणि सुभेदार बांधावर राखीव दल म्हणून बसतात.

हवालदारांचं चित्र अगदी वेगळं. तोफेने त्यांचा डावा कान नेला. सुभेदारांचे डोंगर चढून दोन्ही गुडघे गेलेत. दोघांचं मिळून एक मेडिकल कॅटेगरी 'ए' होईल, असं हवालदारच सांगतात, तेही एवढ्या मोठ्याने की पलीकडच्या मेडिकलवाल्याला वाटतं आपल्यालाच हाक मारली. बहिरेपणाचा वापर ते फार शिस्तीत करतात. चहाचे पैसे कोण देणार हे डाव्या कानाला ऐकू येत नाही. रमचा विषय निघाला तर रस्त्याच्या पलीकडूनही येतं.

या दोघांची संध्याकाळची बैठक टपरीच्या बाकावर असते आणि अजेंडा बदलत नाही: लढाई जिंकतं कोण, पायदळ की तोपखाना?

"तुम्ही काय केलंत कारगिलला? वीस किलोमीटर मागे बसून चहा प्यायलात," सुभेदार सुरुवात करतात.

"अडीच लाखांवर गोळे, बॉम्ब अन् रॉकेटं टाकली तोपखान्याने. बोफोर्स ऐकलीये कधी, साब? एकशेपंचावन्न एमएम! खालून आम्ही डोंगर भाजून दिला, मग तुम्ही चढलात. सोललेली केळी खायला काय लागतं?"

"गोळा डोंगराला लागतो, गनर. दुश्मनाला लागतो की नाही ते चढून आम्हांला बघावं लागतं."

हे बरीच वर्षं बरोबरीत चाललं होतं. मग २०२२च्या जुलैत द्रासमधल्या पॉइंट ५१४०ला सरकारने तोपखान्याच्या सन्मानार्थ 'गन हिल' नाव दिलं. ही बातमी फोनवर आली त्या दिवशी खालच्या मेजरांनी टपरीवर सगळ्यांना पेढे वाटले. सुभेदारांच्या हातावर दोन ठेवले आणि विचारलं, "तुमच्या नावाचा एखादा डोंगर आहे का हो?" सुभेदारांनी दोन्ही पेढे खाल्ले. सावकाश खाल्ले. मग म्हणाले, "डोंगराला नाव द्यायला वर जावं लागत नाही. घ्यायला जावं लागतं. आम्ही चार फेब्रुवारी सोळाशे सत्तरपासून घेतोय." मराठा रेजिमेंट आपला दिवस चार फेब्रुवारीला पाळते, सिंहगड सर झाला त्या तारखेला. त्यामुळे तानाजी मालुसरे हे सुभेदारांच्या लेखी त्यांच्याच पलटणीतले सीनियर आहेत. हवालदार पडतं घेत नाहीत. "सिंहगडावर दोर लावून चढलात. तोफ असती तर दोर लागला नसता."

गावातल्या शहाण्या माणसाला ऐकून वाटेल, यांच्यातून विस्तव जात नाही. तसं एकाला वाटलं.

तो आमच्याच एका वाडीवरचा पोरगा, अग्निवीर भरतीची तयारी करणारा. पहाटे सोळाशे मीटरची प्रॅक्टिस करणाऱ्या पोरांना हे दोघे मिळून रगडतात. सुभेदार पुढून शिव्या देतात, हवालदार मागून स्टॉपवॉच घेऊन. पोरगा हुशार, रोज संध्याकाळी बैठकीतले डाव ऐकून त्याला तोंडपाठ झालेले. एका सकाळी हवालदारांनी वेळ सांगितली, ती काही त्याला रुचली नाही. तो हसून म्हणाला, "तुम्ही काय मेजर, मागे बसून चहा प्यायलेले."

हवालदारांना ऐकू आलं नाही. डावा कान होता. पण सुभेदारांचे गुडघे त्या सकाळी अचानक बरे झाले. त्यांनी पोराला बखोटीला धरून बाजूला घेतलं आणि स्टँडपासून दवाखान्याच्या फाट्यापर्यंत बेडूकउड्या मारायला लावल्या. पोराने मधेच थांबून विचारलं, "पण तुम्हीच तर रोज म्हणता, साब!"

"मी म्हणतो. त्याचे गोळे माझ्या डोक्यावरून गेलेत. तुझ्या डोक्यावरून काय गेलंय? टोपी?"

पुढे हवालदारांनी विचारलं, पोरगा लंगडतोय का. सुभेदार म्हणाले, "तोपखान्यात घ्या म्हणत होता. म्हटलं आधी पाय मोडून घे, तिथे लागत नाहीत."

मला या प्रकरणाचं नवल वाटायचं बंद झालं ते सुभेदारांनी एकदा देवळालीची गोष्ट काढली तेव्हा. १९४३च्या ऑक्टोबरअखेरीस एक अमेरिकी पलटण मुंबई बंदरात उतरली. जवळपास तीन हजार माणसं, पुढे फ्रँक मेरिलच्या हाताखाली ब्रह्मदेशच्या जंगलात नाव काढलेली. ती आधी आणून ठेवली कुठे, तर आपल्या देवळालीच्या ब्रिटिश छावणीत. एवढा इतिहास. त्यापुढची सुभेदारांच्या पदरची भर: गोऱ्याने अमेरिकनाला मटण वाढलं, अमेरिकनाने नाक मुरडलं, अमेरिकनाने कॉफी मागितली, गोऱ्याने चहा ओतला, आणि लढाई जपान्यांशी व्हायची ती देवळालीतच होता होता राहिली. सुभेदार त्या वेळी जन्मले नव्हते, पण मटणाला रस्सा किती होता तेही सांगतात.

भर सोडली तरी एका बाजूने लढणारेच आपसांत भांडतात, हा मुद्दा खरा आहे. १९४२ साली ब्रिटनला निघालेल्या अमेरिकी सैनिकांच्या हातात त्यांच्या युद्धखात्याने एक छोटी पुस्तिकाच दिली होती. यजमानांच्या राजाराणीवर टीका करू नका, पगाराचा तोरा मिरवू नका, मागचं महायुद्ध आम्हीच जिंकून दिलं असं तर मुळीच म्हणू नका. छापून सांगावं लागलं, म्हणजे पोरं नेमकं हेच म्हणत असणार. आणि हीच पाहुणे-यजमान माणसं १९४४च्या जून महिन्यात नॉर्मंडीच्या शेजारशेजारच्या किनाऱ्यांवर उतरली. पुढे म्हातारी होऊन त्याच वाळूवर व्हीलचेअरी लावून कोणाचा किनारा जास्त अवघड होता यावर पुन्हा भांडायला लागली. त्यातल्या दोन म्हाताऱ्यांना हरसूलच्या बाकावर बसवलं तर भाषेखेरीज काहीच अडणार नाही. हवालदारांना तर भाषेचीही अडचण नाही, त्यांना तसंही अर्धंच ऐकू येतं.

सुभेदारांचा या विषयावरचा लाडका पुरावा फोनमध्ये आहे. ईशान्येकडच्या एका तैनातीत शेजारच्या आसाम रेजिमेंटवाल्यांकडून ते 'बदलूराम का बदन' हे गाणं शिकले. बदलूराम हा दुसऱ्या महायुद्धात जपान्यांशी लढताना गेलेला आसाम रेजिमेंटचा जवान. त्याच्या क्वार्टरमास्टरने यादीतून नाव कमीच केलं नाही, रेशन येत राहिलं आणि साठत राहिलं. पुढे वेढा पडून रसद तुटली तेव्हा त्याच रेशनवर पलटणीची पोटं भरली, असं ती रेजिमेंट सांगते. गाणं रचलं मेजर प्रॉक्टर या ब्रिटिश अधिकाऱ्याने, १९४६ साली, आणि चाल उचलली अमेरिकी यादवीतल्या जॉन ब्राउनच्या गाण्याची. २०१९च्या सप्टेंबरात 'युद्ध अभ्यास' या संयुक्त सरावासाठी आपली पलटण वॉशिंग्टन राज्यातल्या लुईस-मॅकॉर्ड तळावर गेली, तेव्हा अमेरिकी जवान याच गाण्यावर टाळ्या वाजवत नाचले. तो व्हिडिओ टपरीवर सगळ्यांनी पाहिलाय, काहींनी नाइलाजाने. सुभेदार म्हणतात, "चाल अमेरिकेची, शब्द इंग्रजाचे, मुडदा आपला, आणि रेशन सगळ्यांचं. याला म्हणतात फौज."

"अन् तोफ?" हवालदार विचारतात.

"तोफ चहा पीत होती."

महिन्यातून एकदा दोघं एका मोटारसायकलवर देवळालीला जातात. तिथे माजी सैनिकांचा ईसीएचएस दवाखाना, तिथे कँटीन. गुडघ्यांच्या गोळ्या, कानाचे ड्रॉप आणि रमचा कोटा एकाच फेरीत. सुभेदार चालवतात. हवालदार मागे बसून ओपीचं काम करतात, म्हणजे तोफेच्या निरीक्षण चौकीवरून गोळा कुठे पडला ते बघून दुरुस्ती सांगतात तसं. फक्त इथे गोळ्याऐवजी खड्डा.

"राइट पाच! ॲड पन्नास!"

त्र्यंबकच्या रस्त्याला पावसाळ्यानंतर टार्गेटांची कमतरता नसते. सुभेदार पायदळाचे; ते दुरुस्ती ऐकतात आणि सरळ खड्ड्यात घालतात. मागून हवालदार रिपोर्ट देतात, "टार्गेट हिट." घाट संपेपर्यंत हे चालतं. त्र्यंबकला चहाला थांबतात तेव्हा पैसे सुभेदार देतात. कारण माहीत आहेच.

नोव्हेंबर आला की हयातीचा दाखला. बाजारातल्या ऑनलाइनच्या दुकानात यंत्रावर बोट ठेवायचं आणि आपण जिवंत असल्याचं सिद्ध करायचं. यंदा हवालदारांचं बोट लागेना. नांगर, खुरपं आणि तोफ यांनी घासून घासून रेषाच उरलेल्या नाहीत. अंगठा, तर्जनी, मधलं बोट. यंत्राचा नकार ठाम. दुकानातला पोरगा म्हणाला, "मेजर, तुम्ही सापडत नाही."

सुभेदार पुढे झाले. "मी लिहून देतो. हा जिवंत आहे. ऐकत नाही, पण जिवंत आहे."

"लिहून चालत नाही, मेजर."

"तीस वर्षं फौजेत सगळं लिहूनच चाललं!"

शेवटी हवालदारांचा चेहरा मोबाइलसमोर धरला, डोळे मिचकावायला लावले आणि सरकारची खात्री पटली. बाहेर येऊन दोघं बाकावर टेकले. सुभेदार बराच वेळ त्या मशीनवर चिडून होते. मग बदलूराम आठवला असावा.

"गनर, मी आधी गेलो तर लगेच कळवायला धावू नकोस. दोन महिने माझ्या नावावर कोटा उचल. सुभेदाराचा कोटा हवालदारापेक्षा मोठा असतो."

हवालदारांनी या वेळी उजवा कान पुढे केला होता.

"दोन महिने कशाला थांबायचं, गणपत? तुमचा कोटा आत्ता कोण पितंय असं वाटतं तुम्हांला?"